जाणाऱ्या गुडघ्याचं मत

गुडघा बदलायचा ठरला की जो गुडघा जाणार असतो त्याची मानसिक तपासणी आधी करून घ्यावी लागते, आणि शालन थोरबोले यांच्या डाव्या गुडघ्याला मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली होती. माणसाची तपासणी करत नाहीत. माणूस मागे राहणार असतो, त्याला काय धाड भरलीय? जाणाऱ्याच्या मनाचं बघावं लागतं.

शालनबाई इस्लामपूरला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. बाई लांबून दिसल्या तरी पोरी आपसूक रांगेत उभ्या राहायच्या. त्याच बाईंना आता दोन वर्षं न्हाणीघरापर्यंत जायलासुद्धा नवऱ्याचा खांदा लागत होता. शस्त्रक्रिया गुरुवारी होती. गुडघा नापास झाला तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. म्हणून आदल्या दिवशीच त्यांनी त्याला दम भरला होता, "उद्या नीट बोल. उगीच रडगाणं लावू नकोस." गुडघा काही बोलला नाही. गुडघे तपासणीतच बोलतात, एरवी दुखतात.

तपासणीची खोली पहिल्या मजल्यावर होती. नवऱ्यानं, म्हणजे सदाशिवरावांनी, बाईंना कसंबसं वर चढवलं आणि ते बाहेर बाकावर पेपर उघडून बसले. आत डॉक्टर अश्लेषा कानडे होत्या, तिशीच्या, शांत. बाईंना खुर्चीवर बसवून त्या स्वतः बुटक्या स्टुलावर बसल्या, म्हणजे गुडघा बरोबर समोर आला.

"गुडघ्याचा पट्टा काढा, बाई. त्यांना मोकळं बोलता येऊ दे. आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतेय?" बाई म्हणाल्या.

"नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"डावा," गुडघा म्हणाला. आवाज खरखरीत होता, पण स्पष्ट.

"वय?"

"सदुसष्ट. हिच्याएवढंच."

"झोप लागते?"

"लागते. ही कूस बदलते तेव्हा मोडते."

"जिना म्हटलं की काय वाटतं?"

"आता भीती वाटते. पूर्वी बरं वाटायचं. एकावेळी दोन-दोन पायऱ्या चढायची ही."

बाईंना एकदम सगळं आठवलं. चुन्यानं आखलेलं मैदान, हात लागून लागून गुळगुळीत झालेला खांब, लाल रिबिनीत वर बांधलेल्या दोन वेण्या. खो मिळाला की अंग आधी सुटायचं आणि मन मागून यायचं. काय दिवस होते!

डॉक्टर चौदाव्या प्रश्नावर आल्या. "तुमच्याकडे कुणाची ठेव आहे का? फक्त तुम्हालाच माहीत आहे, असं काही?"

गुडघा करकरला. "आहे. पण सांगू नकोस म्हणून बजावलंय."

"कुणी?"

"हिच्या आईनं."

"माझ्या आईनं?" बाई ओरडल्याच. डॉक्टरांनी हात वर केला. ठेव परत केल्याशिवाय जायची परवानगी मिळत नाही, हे त्यांनी गुडघ्याला समजावून सांगितलं. गुडघ्याला ते पटलं.

"जिल्ह्याची फायनल होती," तो म्हणाला. "ही सोळा वर्षांची. तिसऱ्या गड्याला हिनं खांबापाशी सूर मारून धरलं आणि मी सोलपटून निघालो. दुसऱ्या दिवशी हिला ताप भरला. दुपारी ही झोपली होती तेव्हा आई कोमट पाणी घेऊन आली. मला धुतलं. आणि म्हणाली, सूर मारायची काय गरज होती रे? हात पोचत होता की."

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आई त्यांच्या खेळावर कायम धुसफुसत असायची. एकदा तिनं खेळाची चड्डी चुलीत घातली होती. जिंकलेलं पदक बघायला मागितलं नाही, पुढं तीस वर्षं जगली पण खेळाचा ख नाही काढला. बाईंनी तिला मनातून कधी माफ केलं नव्हतं.

"म्हणजे ती आली होती?" बाई म्हणाल्या. "मैदानावर? बघायला?"

"कुंपणाबाहेर उभी होती. मला तसं म्हणाली."

डॉक्टरांनी या वेळी हात वर केला नाही. त्या लिहीत होत्या. "झालं? ठेव एवढीच?"

"नाही. मग तिनं माझ्यावर फुंकर घातली. बराच वेळ."

डॉक्टरांनी पेन थांबवलं, नियमांची वही काढली, पान शोधलं. "बाई, वाक्य तुम्हाला मिळालं, ते तुमचं झालं. फुंकर शब्दांत देता येत नाही. अशी ठेव ज्याच्याकडे आहे त्याच्याबरोबरच जाते."

"म्हणजे गुरुवारी?"

"गुरुवारी. गुडघा माझ्या दृष्टीनं पूर्ण तयार आहे. तुमची इथे सही हवी."

बाईंनी पेन हातात घेतलं. त्यांना चालायचं होतं. खिडकीतून रस्ता बघून बघून त्या विटल्या होत्या. चौकातल्या भाजीवालीशी स्वतः जाऊन घासाघीस करायची होती, कुणाच्या खांद्याशिवाय. हे सगळं त्या सहीत होतं. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग खाली गुडघ्याकडे बघितलं. सुजलेला, वेडावाकडा, त्यावर रुपयाएवढा पांढरा व्रण.

"अगं, कर सही," गुडघा म्हणाला. "आणखी सहा महिने? या वयात? मी दमलोय शालन."

"मी पण दमलेय," बाई म्हणाल्या. "गप बस."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि पट्टा बांधायला घेतला. डॉक्टरांनी नोंदवहीत पुढची सहा महिन्यांनंतरची तारीख घातली, आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं.

बाहेर सदाशिवराव पेपरची घडी करून उठले. "काय गं, झाला का पास?"

"तो झाला," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांचा खांदा धरला. "मी नापास झाले. चला, सावकाश उतरू."