नव्वद किलोंचा नवस

"पस्तीस," शमुवेल डॉक्टर म्हणाले, आणि गहिनीनाथाचा चेहरा उजळला. शाळेत असताना कुठल्याच विषयात त्याने पस्तीसचं तोंड पाहिलं नव्हतं. एकाहत्तर सालचा ज्येष्ठ महिना होता. मिरजगावात त्याची पिठाची गिरणी होती. तिथे बसल्या बसल्या अंग सुटत गेलं आणि गेल्या महिन्यात दळणाचं पोतं सरकवताना छातीत कळ येऊन तो आडवा झाला. आता उठून हिंडूफिरू लागला होता, म्हणून नगरला दाखवायला आला होता. डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं, भिंतीला टेकवून उंची मोजली, आणि नव्वद किलोंना एक पूर्णांक सहा मीटरने एकदा नव्हे, दोनदा भागलं.

"काठावर का व्हईना, पास झालो म्हनायचं," गहिनीनाथ म्हणाला.

"ह्या परीक्षेत कमी मार्कवाला पास, गहिनीनाथराव. निरोगी माणूस पंचवीसच्या आत बसतो. हेच नव्वद किलो सव्वासहा फुटी माणसाला शोभले असते. तुमच्या उंचीला चौसष्ट पुरे. बाकीचं उतरवा, नाहीतर ती कळ परत येईल."

गहिनीनाथ थक्क झाला. जन्मभर त्याने लोकांचं धान्य जोखलं होतं, पण उंचीशी वजन लावून माणूसही जोखता येतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गावात परतल्यावर त्याने भेटेल त्याला हा हिशेब ऐकवला. लोकांना त्यातलं नव्वद तेवढं कळलं, आणि खात्यापित्या घरचा माणूस म्हणून त्यांनी मानाने माना डोलावल्या.

घरी मात्र वजन उतरवायची गोष्ट काढताच त्याच्या बायकोने, छबूबाईने, कपाळाला हात लावला. नवरा आडवा पडला होता तेव्हा तिने टेकडीवरच्या कानिफनाथाला बोलून टाकलं होतं की धनी उठून बसू देत, त्यांच्या वजनाइतका गूळ वाहीन. नवस फेडायचा होता नवा गूळ निघाल्यावर, माघात. तोवर नवरा वाळला की देवाचा गूळ कमी भरणार, हे उघड होतं.

"द्येवानं अख्खा मानूस परत दिला आन् आपन त्याला निम्मा गूळ द्यायचा व्हय?" ती म्हणाली. "त्यो दिल्यालं परत न्हेईल बी."

तिच्या डोळ्यांत खरी भीती होती, म्हणून गहिनीनाथाने ताट पुढे ओढलं. ताटातल्या पुरणपोळीवर तुपाची धार सुरू झाली. इकडे देव, तिकडे डॉक्टर आणि मधे आपला एकुलता एक जीव, अशी त्याची गत झाली. शेवटी त्याने देवाचाच आडोसा घेतला. रोज पहाटे टेकडी चढून नाथाच्या दर्शनाला जायचं त्याने जाहीर केलं, आणि दर्शनाला नको म्हणणारी बायको अख्ख्या तालुक्यात सापडली नसती. मागोमाग गुरुवारचा उपास आला, मग एकादशी, मग सोमवार. आपल्या नाथाला साबुदाणा चालत नाही, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. नवऱ्याची भक्ती पाहून छबूबाईचा ऊर भरून यायचा आणि त्याचा ढगळ सदरा पाहून तिला रडू यायचं.

दिवाळी होईतो गाल बसले, आणि दळण घेऊन आलेल्या शेजारच्या झुंबरबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. "गूळ वाचवाय वाळतोय मेला," तिने गिरणीतच जाहीर केलं. आठवड्याभरात ते गावभर झालं. देवाला काटा मारणारा माणूस आमचं पीठ काय सोडणार, असं म्हणत लोक दळणं दुसऱ्या गिरणीवर न्यायला लागले. छबूबाई पाणवठ्यावर खाली मान घालून जाऊ लागली. नाव गेलं की गिरणीही जाणार, हे कळून गहिनीनाथाची झोप उडाली. अखेर तो टेकडीवरच्या भीमा पुजाऱ्याकडे न्याय मागायला गेला. नवस बोलला त्या दिवसाचा भार धरायचा, असा भीमाने निवाडा दिला. तो भार गहिनीनाथाने स्वतःच गावभर सांगितला होता. दहा दहा किलोंच्या नऊ ढेपा ठरल्या.

माघात टेकडीच्या पायथ्याला कडुलिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात नऊ ढेपा रचल्या, दुसऱ्यात गहिनीनाथ मांडी घालून बसला आणि पाळण्यातल्या पोरासारखा वर गेला. सगळं गाव बघत होतं. भीमाने एक ढेप काढून बाजूला ठेवली. गहिनीनाथ वरच. दुसरी काढली, तेव्हा कुठे तो सावकाश खाली येऊन गुळाच्या बरोबरीला थांबला. सगळ्यांच्या नजरा मातीत ठेवलेल्या त्या दोन ढेपांवर खिळल्या होत्या.

सात ढेपा लोकांनी वर न्यायला उचलल्या. त्या दोन गहिनीनाथाने दोन्ही खांद्यांवर घेतल्या आणि तो छबूबाईबरोबर चढू लागला. रोज गाणं गुणगुणत चढायची ती टेकडी. निम्म्यात त्याच्या छातीचा भाता चालायला लागला, आणि तो एका दगडावर मटकन बसला. जुना गहिनीनाथ अंगात परत आल्यासारखं त्याला वाटलं.

"ह्ये मी दिसभर घिऊन हिंडायचो, छबू," तो हळूच म्हणाला. "झोपताना सुदिक खाली ठिवत नव्हतो."

छबूबाईने ढेपेवरून हात फिरवला. एवढं सगळं आपल्या हातचं, या विचाराने तिला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच त्याच्या छातीतली ती कळ आठवली. तिने एक ढेप त्याच्या खांद्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतली.

वर पूजा झाली. भीमाने सगळ्या नऊ ढेपा फोडून परातीत भरल्या आणि नेहमी प्रसादाला उडणारी झुंबड आज लांबच उभी राहिली. गहिनीनाथाच्या अंगावरून उतरलेलं वीस किलो त्याच परातीत मिसळलं होतं, आणि ते कुणाच्या वाट्याला येईल ते सांगता येत नव्हतं. शेवटी झुंबरबाई पुढे झाली. तिने पदर सावरला, हात पुढे केला, मग तो अर्ध्यावरच थांबवला.

"भीमा," तिने दबक्या आवाजात विचारलं, "ह्यो खडा सातातला हाय, का त्या दोनातला?"