नाना सुर्व्यांचा बुरांस

मे महिन्यात नाना सुर्व्यांच्या अंगणात पाऊल टाकणाऱ्याने आधी म्हणायचं, "वा, काय गारवा आहे!" मगच पाणी मिळे. घामाने निथळणारा पोस्टमनही निमूट म्हणून टाकी. कारण तिथे फणसाच्या सावलीत नानांचा बुरांस होता. हिमालयातलं, बारमाही हिरवं, तांबड्या फुलांचं झाड, आणि ते रत्नागिरीत!

"त्याच्यासमोर उकाड्याचा विषय नको, मेल्या. त्याला कळतं," नाना दटावत.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आळी हसायची, पण नानांचं काम पक्कं होतं. बुरांसाची मुळं वरवर पसरतात, म्हणून बुडाशी कुदळ लावत नसत. पाल्याचं पांघरूण घालत. पाणी विहिरीचं नाही, पिंपात साठवलेलं पावसाचं. दुपारी बंदरावरून सायकलीने मासळीच्या बर्फाचा चुरा आणून भोवती पसरत. झाडाला बांगड्याचा वास येई, पण चार वर्षं ते ऐटीत जगलं.

रोप धाडलं होतं त्यांच्या मुलीने, सुधाने, रजेवर येणाऱ्या एका फौजीबरोबर. तिने गढवालच्या मुलाशी लग्न केलं तेव्हापासून नानांनी बोलणं टाकलं होतं. तिची पत्रं वाचत, उत्तर देत नसत. "फूल येऊ दे, मग लिहीन," एवढंच म्हणत.

पाचव्या वर्षी माघात कळी धरली. नेमकं तेव्हाच नानांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागलं. मी शेजारी. मला म्हणाले, "बापू, फक्त पिंपातलं पाणी. हुशारी करू नको."

मी केली. माझ्या माडांना मी दरवर्षी मीठ नि राख घालतो. वाटलं, कळीला जोर येईल. चांगल्या दोन-दोन ओंजळी घातल्या. आठ दिवसांत पानं करपली, कळी गळली. नाना परतले तेव्हा मी म्हटलं, "उन्हाने गेलं, नाना. मी सांगत होतोच."

आळीत अजूनही तेच सांगतात. ते खोटं आहे. झाड मी मारलं. नानांचं काही चुकलं नव्हतं, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

त्या दिवशी नाना वाळल्या फांदीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले. मग मला ओटीवर बसवलं. डोळ्यावर पट्टी होती.

"मला लिहायला मनाई आहे. तू लिही. चिरंजीव सुधास, फूल आलं. जावयांना घेऊन बघायला ये."

माझं पेन थांबलं. "नाना, आणि ती खरंच आली म्हणजे?"

"आली म्हणजे आली ना, मेल्या!"

"बरं. किती फुलं लिहू?"

नानांनी जरा विचार केला. "एकच लिही. जास्त लिहिलीस तर तिचा विश्वास बसायचा नाही."