धुतलेला पट्टा

कुठली वस्तू नेमकी कधी बदलावी हे आमच्या घरात फक्त मला कळतं! पायपुसणं, गॅसची नळी, दातांचा डॉक्टर, सगळं मी वेळच्या वेळी बदलत आले. एक नवरा तेवढा राहून गेला. आता इतकी वर्षं वापरल्यावर कोण घेणार बदलून?

ह्यांचं तत्त्व नेमकं उलटं. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही!" आणि दुसरं तत्त्व असं, की घरात आलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही. केराच्या टोपलीत टाकलेली वस्तू तासाभरात पुन्हा कपाटात दिसायची. माणसं मुलांना वाढवतात, ह्यांनी भंगार वाढवलं.

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. गाडी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिचं किलोमीटरचं मीटर चार वर्षांपासून चोपन्न हजारांवर अडकलं होतं. आमचा मेकॅनिक दर वेळी बॉनेट उघडायचा आणि डॉक्टरसारखा चेहरा करायचा.

"काका, टायमिंग बेल्ट, इंजिनातला तो दातेरी पट्टा, बदला. साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते."

"मीटर बघ. झाले का साठ हजार?"

"मीटर बंद आहे, काका!"

"ते मला सांगू नकोस. कागदोपत्री चोपन्नच!"

थोडक्यात काय, मीटरच्या मते गाडी चार वर्षं दारातच उभी होती.

अशात ताईचा फोन आला. माझी सख्खी थोरली बहीण. आईच्या शिलाई मशीनवरून आमचं फाटलं, ते अकरा वर्षं शिवलं गेलं नाही. मशीन ती घेऊन गेली आणि बोलणं मी बंद केलं. तर ताई म्हणाली, "धाकटे, घर विकलं. शनिवारी लेकाकडे परदेशात चालले, कायमची. साडेबाराला घरातून निघणार. त्याआधी एकदा येऊन जा."

मी नुसतं "येते" म्हटलं आणि फोन ठेवून तिथेच स्टुलावर बसले.

ताईचं गाव दीडशे किलोमीटर. "बसनं जाऊ या," म्हटलं, तर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दारात गाडी असताना बस?" मग मी ठरवलं. सोमवारी हे दोन दिवसांसाठी मित्राकडे गेले, गाडी दारातच होती. मी मेकॅनिकला बोलावलं.

"हा पट्टा तुटला तर काय होतं रे?"

"काकू, गाडी जागच्या जागी बंद. आणि आतली वाट लागते ती वेगळीच, इंजिनच खोलावं लागतं. बरं, हा तुटायच्या आधी कुरकुरही करत नाही."

"मग आमच्या घरातला नव्हे तो! बदल. पण काकांना कळता कामा नये."

संध्याकाळपर्यंत नवा पट्टा बसला. त्यानं जुना माझ्या हातात ठेवला. काळा, तेलकट, दातेरी, पाठीवर बारीक बारीक भेगा. "जुना माल दाखवल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही, काकू."

इथे माझी अक्कल गहाण पडली. तो पट्टा तिथल्या तिथे त्याला परत द्यायचा की नाही? नाही! मला पुरावा हवा होता. शनिवारी ताईकडे सुखरूप पोचायचं, चहा घ्यायचा आणि तिच्यादेखत तो पट्टा ह्यांच्यासमोर नाचवायचा, असा माझा बेत. नुसतं पोचून माझं समाधान होणार नव्हतं, मला जिंकायचंही होतं!

पण तेलकट वस्तू कपाटात ठेवायची म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. मग मी तो पट्टा साबणाच्या पाण्यात भिजवला, ब्रशने घासला, दोरीवर वाळवला, वर थोडी टाल्कम पावडर लावली. बाळसं धरलं हो त्यानं! नव्या पट्ट्याच्या रिकाम्या खोक्यात घडी घालून ठेवला आणि खोकं कपाटात, चादरींच्या मागे.

शनिवारी मी सहाला निघू म्हणत होते. हे म्हणाले, "कशाला? साडेआठला निघू. गाडी आता पळेल."

गाडीबद्दल ह्यांच्या तोंडी "पळेल"? पण मीही हट्ट धरला नाही. पळणार हे मला ठाऊकच होतं ना!

वाटेत दोघंही गालातल्या गालात हसत होतो. हे शीळ घालत होते. मी खिडकीबाहेर बघत ताईला पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत होते. मशीनचा विषय काढायचा नाही, एवढं पक्कं ठरवलं होतं.

पावणेअकराला इंजिनातून 'खट्ट' असा आवाज आला आणि गाडी घरंगळत कडेला थांबली.

ह्यांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. इंजिन नुसतं भिरभिरलं.

"शक्यच नाही!" हे ओरडले. "परवाच नवा पट्टा घातलाय!"

मी दचकले. ह्यांना कसं कळलं? "परवा नव्हे, सोमवारी," मी म्हटलं.

"सोमवारी मी मित्राकडे होतो. गुरुवारी घातला. चौकातल्या दुसऱ्या मेकॅनिककडे, तुला न सांगता!"

"कुठला पट्टा?"

"तूच आणून ठेवलेला! चादरींच्या मागे, खोक्यात. म्हटलं, बिचारीला बहिणीकडे जायचंय, घाबरून पट्टा आणलान, मला सांगायचा धीर झाला नाही. आणि आणलेली वस्तू वाया कशाला घालवायची? आयुष्यात एकदा तुझं ऐकावं म्हटलं!"

"अहो, तो जुना होता! मी धुऊन ठेवला होता!"

"धुऊन? पट्टा?"

"चौकातल्याला कळलं नाही?"

हे जरा घुटमळले. "म्हणत होता तो, याला भेगा आहेत, काढलेलाच नवा दिसतोय. मी म्हटलं, तुला जास्त कळतं की खोक्यावरच्या लेबलला?"

"आणि काढलेला कुठे आहे?"

"त्यालाच दिला. जुना माल घरात कशाला, म्हटलं."

बघा! जन्मभर भंगार सांभाळलं, आणि दानशूर झाले ते नेमके गुरुवारी!

त्या रस्त्यावरची पुढची बस एक वाजता होती. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करून माझा खांदा भरून आला, एक थांबेल तर शपथ. अर्धा तास चालून एक पेट्रोलपंप गाठला. तिथल्या टेबलावरच्या फोनवरून ताईला फोन लावला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मागे सामान ओढल्याचे आवाज येत होते.

"ताई, मी निघाले होते गं! पण मी पट्टा बदलला, तो ह्यांनी काढला, आणि जुना धुतलेला होता म्हणून..."

ती म्हणाली, "धाकटे, यायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस. निदान पंक्चर झालं म्हणायचंस, मी विश्वास ठेवला असता."

आणि फोन ठेवला. ताई परत आली नाही. सहा वर्षांनी तिकडेच वारली.

त्या दिवशी मी फोन ठेवला, तर पंपवाला विचारत होता, "आजी, काय झालं गाडीला?" तेव्हा मी आजी दिसत नव्हते, पण भांडायचं त्राण नव्हतं.

"पंक्चर," मी म्हटलं.

त्यानं लगेच विश्वास ठेवला हो!