कुमारी साळिंदर यांच्या धार्मिक कादंबऱ्या

एका जंगलात, बाळांनो, एका विधवा सिंहिणीचं राज्य होतं. तिच्या काळात सभ्यता फार होती. रविवारी वाघसुद्धा हरणाशेजारी बसून प्रार्थना म्हणायचा. हरणाला तो सोमवारी खायचा.

तिथे कुमारी पवित्रा साळिंदर राहायची. आपल्याच पाठीचा काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि धार्मिक कादंबऱ्या लिहायच्या, हा तिचा उद्योग. बाईमाणसानं डरकाळी फोडणं तेव्हा वाईट दिसे. धार्मिक कादंबरी मात्र चालायची. नियम एकच. पाप्यानं आधी मध चोरायचा, शेवटी पश्चात्ताप करायचा आणि खोकून खोकून मरायचं.

रविवारच्या शाळेत सगळ्यात गुणी पिल्लाला तिची कादंबरी बक्षीस मिळे. एखाद्यानं तरी ती शेवटपर्यंत वाचावी, एवढीच बिचारीची इच्छा होती.

त्या काळी पुस्तकाची पानं जोडलेलीच येत. वाचणाऱ्यानं ती दातांनी नाहीतर चोचीनं कापत पुढे जायचं. एकदा पवित्राताई बक्षीसवाल्या पिल्लांच्या घरी चहाला गेली, तर सगळीकडे तेच. मधचोरीपर्यंतची पानं कापलेली, वर चाटलेली. पश्चात्ताप जसाच्या तसा बंद. ती घरी येऊन खूप रडली.

शाळेचे धर्मगुरू घुबडराव म्हणाले, मग चोरीच काढून टाका. तिनं काढली. नव्या कादंबरीत एक ससा पहिल्या पानावर प्रार्थना करी आणि शेवटच्या पानावरही प्रार्थनाच करी. घुबडरावांनी तीच बक्षीस म्हणून जाहीर केली.

त्या वर्षी जंगलातल्या एकूण एक पिल्लानं मध चोरला.

पवित्राताईनं कोल्ह्यांच्या चिंगीला कारण विचारलं.

"गुणी ठरले असते तर तो ससा वाचावा लागला असता, मावशी," चिंगी म्हणाली.

ताईला हे फार लागलं. तिनं पाठीचा सगळ्यात लांब काटा उपटला आणि नवी कादंबरी लिहिली. यात पश्चात्ताप आधीच होता. खोकला झाला, अश्रू झाले, मरण तेवढं टळलं. मधचोरी अगदी शेवटच्या पानावर.

कादंबरी तपासायला घुबडरावांकडे गेली. दुसऱ्याच दिवशी ते ती घेऊन दारात हजर. चोचीला कागदाचे कपटे चिकटलेले. आता आपलं लिहिणं बंद, असं ताईला वाटलं.

"शेवट वाचलात?" तिनं भीत भीत विचारलं.

"वाचला," घुबडराव म्हणाले. "पण पोळं नक्की कुठल्या झाडावर होतं, ते लिहायचं राहिलंय."

पवित्राताईला आनंदानं रडू फुटलं.

तात्पर्य: बाळांनो, पश्चात्ताप नेहमी आधीच उरकून घ्यावा, म्हणजे पुढे मन लावून पाप करता येतं.