सृष्टीदोषांची आदर्श विल्हेवाट

आजवर एकही सृष्टी ठरलेल्या मुदतीत पूर्ण झालेली नाही. मुदत टळली की उरलेल्या कामाला गूढ म्हणायचे, अशी निर्मात्यांची पूर्वापार पद्धत आहे आणि आमची कंपनी ती काटेकोरपणे पाळते. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. आमच्या गेममध्ये डोंगर आहेत, नद्या आहेत, राक्षस आहेत, सात राज्ये आहेत. ही सृष्टी कशी निर्माण झाली हे लाखो खेळाडूंना तोंडपाठ आहे. ती खरोखर कशी निर्माण झाली हे फक्त आमच्या तिसऱ्या मजल्याला माहीत आहे, आणि तिसरा मजला कायम घाईत असतो.

कार्यपद्धती अशी. दोष सापडला की तो मिस्त्रीकडे जातो. (मिस्त्री म्हणजे आमचा प्रोग्रामर. काही मोडलेले दिसले की त्याचे हात शिवशिवतात, म्हणून हे नाव पडले.) मिस्त्री म्हणतो, दुरुस्त होईल. साहेब विचारतात, शुक्रवारच्या आत? मिस्त्री बोटांवर दिवस मोजू लागतो. मग तो दोष रीतसर पुराण विभागाकडे वर्ग होतो.

पुराण विभाग म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारचे एक टेबल आणि तिथे बसणारी आजी. आजीचे वय एकोणतीस आहे. गोष्टी रचते म्हणून आजी. घोडे जमिनीपासून वीतभर वर तरंगतात अशी तक्रार आली, तेव्हा आजीने लिहिले की घोड्यांच्या आदिमातेने धरणीला लाथ न मारण्याची शपथ घेतली होती. सगळ्या दुकानदारांचे तोंड एकच होते, कारण दुसरे काढायला चित्रकाराला सवड मिळाली नव्हती. आजीने लिहिले की निर्मात्याला माणसामाणसांतला भेद मंजूर नव्हता. हे वाचून आपण ढसाढसा रडलो, असे एका खेळाडूने कळवले. ठार झालेले पहारेकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होऊन सलाम ठोकत. त्यातून निष्काम सेवेचे तत्त्वज्ञान निघाले, आणि साहेबांनी ते मोठ्या अक्षरांत छापून आमच्याच जेवणाच्या खोलीत लावले.

आमच्या विश्वातले नव्वद टक्के अध्यात्म शुक्रवारी दुपारी प्रकट झालेले आहे. (उरलेले दहा टक्के गुरुवारी. त्या आठवड्यांत शुक्रवारी सुट्टी होती.)

उत्तरेकडच्या एका गावात विहीर होती. तिच्यात जो वाकून पाही तो तळातून आरपार जाई आणि जगाच्या खालच्या काळ्या पोकळीत पडत राही. हे पडणे संपत नसे, कारण खाली काही केलेलेच नव्हते.

"एका ओळीचं काम आहे हो," मिस्त्री म्हणाला.

"ओळ बदलली की सगळी तपासणी पहिल्यापासून," साहेब म्हणाले. "आजीकडे द्या."

आजीने लिहिले: ही विहीर नव्हे, निर्मात्याचा निःश्वास आहे. यात पडणारा उगमाकडे परततो, आणि त्याच्याआधी गेलेले सगळे तिथे त्याची वाट पाहत असतात.

यश अपेक्षेबाहेर होते. विहिरीवर रांगा लागल्या. खेळाडू कमावलेल्या तलवारी, बांधलेली घरे, पाळलेले गरुड टाकून उड्या मारू लागले. डोके खाली करून पडणाऱ्यांचा एक पंथ झाला, पाय खाली करून पडणाऱ्यांचा दुसरा. दोन्ही पंथ एकमेकांचे तोंड पाहत नसत. तिसरा पंथ म्हणे की आपण पडतच नाही, विहीर वर चालली आहे. (यात गणिताचे शिक्षक जास्त आढळले.)

मिस्त्रीचे वडील निवृत्त बसचालक. बायको गेल्यावर घरात सुन्न बसून असत, म्हणून मिस्त्रीनेच त्यांना गेम शिकवला. रोज जेवणे झाली की बापलेक मिळून गेममधले डोंगर पालथे घालत. वडील घोडाही बससारखाच हाकत, वळणावर हळू. मग एके दिवशी वडिलांनी विहिरीत उडी घेतली आणि तेव्हापासून ते काळ्या पडद्यासमोर बसून राहिले.

"बाबा, जेवायला चला."

"पडतोय मी. दिसत नाही का?"

"अजून किती वेळ?"

"पोचलो की सांगतो."

मिस्त्री एकटा जेवू लागला. मला वाईट वाटले. (वाईट वाटण्याची कंपनीत तरतूद आहे, ते फक्त कामाच्या वेळेनंतर वाटावे लागते.)

एका दुपारी सगळे बैठकीत असताना मिस्त्रीने ती ओळ बदलली. विहिरीला तळ आला, आणि पडणारे सगळेच्या सगळे भर उन्हात गावच्या चौकात येऊन आदळले. उगम अगदी हाताशी आला असताना आम्हाला ओढून काढले, अशा तक्रारींचा पाऊस पडला. घरीही काही वेगळे झाले नाही.

"कुणी केलं हे?" वडिलांनी विचारले.

"मी केलं. तुम्ही परत यावं म्हणून."

"तुझ्या आईच्या जवळपास पोचलो होतो रे."

"बाबा, खाली काही नाहीये. मला माहीत आहे ना. मी खाली काही केलेलंच नाही."

"तू केलेलं नाहीस ना?" वडील म्हणाले. "मग तुला काय माहीत?"

त्यानंतर तीन रात्री वडील ताटावर आले. मान खाली घालून जेवले, हात धुऊन उठले. चौथ्या दिवशी विहीर पूर्ववत करण्याच्या मागणीवर पहिली सही त्यांची होती.

मागणी मान्य झाली. पण मोडलेले जसेच्या तसे पुन्हा मोडणे हे कसबाचे काम असल्यामुळे त्यासाठी अख्खे पथक बसवावे लागले. मिस्त्रीने एका शब्दात सांगितले असते, परंतु त्याला विचारणे शिस्तीत बसत नव्हते. पथकाचे काम संपले त्याच दिवशी त्याला नारळ मिळाला. वडील पुन्हा पडू लागले.

नव्या आवृत्तीत मिस्त्री राक्षस आहे. तो पाना घेऊन येतो, जगातली गूढे बुजवतो, आणि त्याला मारल्यास भरघोस गुण मिळतात. ही कथा लिहून आजी बराच वेळ पाणी पीत उभी होती.

हल्ली मिस्त्री दारोदार फिरून किरकोळ दुरुस्त्या करतो. हाताला काम हवे, आणि घरात काळा पडदा बघवत नाही. गेल्या आठवड्यात तो तुमच्याकडेही आला होता. तुमच्या जिन्याची ती हलणारी पायरी त्याने पाहिली, खाली बसून हाताने दाबून पाहिली, आणि म्हणाला, अर्ध्या तासाचे काम आहे, पैसे नकोत. तुम्ही दारातूनच सांगितलेत, "राहू दे हो. तिथे पाय जरा कडेला टाकायचा असतो. आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा माहीत आहे."