टिपणीस सर आणि आठ वाजताचा नळ

टिपणीस सरांना पहिल्या दिवशी मी जेवायला वाढलं, तेव्हा त्यांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, पापलेटची तुकडी माणशी एकच, हे ठरवलं कुणी?"

मला वाटलं, माणूस आडून आडून दुसरी तुकडी मागतोय. मी मुकाट्याने वाढली. सर दचकले. म्हणाले, नको नको, मला तुकडी नकोय, ठरवणारा हवाय. ठरवणारी मीच होते, पण तसं तोंडावर सांगायचं जिवावर आलं. मी सासूबाईंचं नाव सांगून मोकळी झाले. गेलेल्या माणसावर ढकललं की पुढची चौकशी बंद होते, असा माझा अनुभव. सर म्हणाले, "अच्छा. मग त्या गेल्यावर कुणी बदललं का नाही?" वर ती दुसरी तुकडीही खाल्ली.

किहीमच्या पुढे आमचं गाव. नारळाची वाडी आहे, तिच्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि मागच्या पडवीत माझी खानावळ. सर एका विद्यापीठात सार्वजनिक धोरण नावाचा विषय शिकवत. गावाच्या पाण्याचा अभ्यास करायला म्हणून चार दिवसांसाठी आले आणि मागची खोली वर्षाच्या बोलीनं घेऊन बसले. धोरण म्हणजे काय, ते गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. सरपंचांना वाटलं, योजना घेऊन आलेत. आमच्या ह्यांना वाटलं, जमीन बघायला आलेत, कारण हल्ली मुंबईहून येणारा दुसरं काही बघतच नाही.

सर मात्र फक्त विचारत हिंडायचे. बारा महिने हातात छत्री आणि पुळणीच्या वाळूवरून चालताना बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात. एसटीचा थांबा वडाच्या सावलीत नाही, चार पावलं पुढे उन्हात का, हे ठरवलं कुणी? न्हाव्याचा आरसा एवढा उंच, हे ठरवलं कुणी? मारुतीच्या देवळात पुजाऱ्यांना विचारलं, शेंदूर शनिवारीच का, ठरवलं कुणी? पुजाऱ्यांनी भक्तिभावानं वर बोट केलं. सर म्हणाले, "वर म्हणजे तालुक्याला का?"

लोक हसायचे. मीही हसायचे. फक्त हिराबाई हसली नाही.

हिराबाई कोळीवाड्यातली, माझ्याकडे मासळी तीच घालते. जिभेला हाड नाही, पण मासळी कधी शिळी द्यायची नाही. सरांनी तिला पाण्याचं विचारलं, तेव्हा तिनं टोपली खाली ठेवली आणि सांगितलं, "नल आठला सुटतो. होरी पन आठला लागते. म्हावरा बगू का पानी भरू, सांगा तुमीच."

गोष्ट अशी होती. आमच्या किनाऱ्याला होड्या भरतीच्या पाण्यावरच लागतात. आणि भरती रोज पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दशमी-एकादशी आली की भरती सकाळी आठच्या आसपास. त्या दिवसांत बायका मासळी उतरवायला किनाऱ्यावर आणि घरी नळ तासाभरात येऊन बंद. शुद्ध असो की वद्य, पंधरवड्यातून एकदा कोळीवाड्याला अशी निर्जळी एकादशी घडायची. हिराबाईची सून पोटुशी, तिला हंडे उचलायला लावायचे नाहीत. त्यामुळे हिराबाईला एक तर पाणी सोडावं लागे, नाही तर मासळी दुसऱ्याच्या हातात सोपवावी लागे, आणि दुसऱ्याच्या हातातून मासळी कशी परत येते ते कोळणीला सांगायला नको.

गावाचं म्हणणं होतं, पाणी कमी आहे, नवी टाकी हवी. टाकीसाठी अर्ज करायचं घाटतही होतं. सरांनी दोन विद्यार्थिनी बोलावून घेतल्या. त्या पोरी कोळीवाड्यात ओटीओटीवर बसल्या, वरच्या आळीत फिरल्या, माझ्या खानावळीत येऊन जवळ्याचं कालवण ओरपून गेल्या. त्यांना आढळलं ते असं, की ज्या दिवशी खाली हंडे कोरडे, त्याच दिवशी खाली न भरलेलं पाणी वरच्या आळीच्या उघड्या नळांतून अळवाच्या वाफ्यात जातंय. वरच्या आळीत मीही आले. माझं अळू गावात नावाजलेलं आहे.

मग सरांनी आपला प्रश्न काढला. नळ आठलाच, हे ठरवलं कुणी? सरपंच म्हणाले, ग्रामसेवकांनी. ग्रामसेवक म्हणाले, तालुक्यानं. तालुक्याहून उत्तर आलं, वेळ गावानंच ठरवायची असते. सर एवढे खूश झाले की त्या दिवशी त्यांनी आपणहून सोलकढी मागून घेतली. शेवटी एका म्हाताऱ्या प्लंबरनं सांगितलं. पूर्वी नळ सोडायचं काम गंगारामकडे होतं. गंगाराम कारखान्यात कामाला आणि त्याची गाडी साडेआठची. म्हणून तो आठला चावी फिरवायचा आणि गाडी पकडायला धावायचा. गंगाराम निवृत्त झाला, पुढे वारलाही. ती गाडीसुद्धा केव्हाच बंद झाली. चावी मात्र आठलाच फिरत राहिली.

हे सांगायला सभा बोलवायची, तर ती नेहमीसारखी अकराला. अकराला कोळणी अलिबागच्या बाजारात. सरांनी सरपंचांकडे नुसतं पाहिलं. सरपंच घाईघाईनं म्हणाले, "विचारू नका, चारला घेऊ."

सभेत सर फार बोलले नाहीत. टाकी पुरेशी आहे, वेळ चुकलीय, एवढंच दाखवलं आणि गंगारामच्या गाडीची हकिगत सांगून खाली बसले. लोक हसायला लागले. हिराबाई उभी राहिली. "गंगारामदादा गेला, गारी बी गेली," ती म्हणाली, "आनि आमी अजून तेच्या गारीसाटी पलतोय."

त्या दिवसापासून आमच्या गावात पाणी तिथीनं सुटतं. दशमी ते द्वादशी दुपारी चारला, एरवी आठला. बायकांनीच ठरवलं. पहिल्या दशमीला मी साफ विसरले आणि पुण्याचे पाहुणे अंगाला साबण लावून वाडीत उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, हे ठरवलं कुणी? मी टिपणीस सरांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

असा हा माणूस. जगातल्या प्रत्येक सवयीचा बाप शोधून काढणारा. पण त्यांची स्वतःची एक सवय होती, ती आम्ही रोज पाहून न पाहिल्यासारखी करत होतो. रविवारी संध्याकाळी साडेसहापासून सर धुतलेला सदरा घालून ओटीवर बसायचे. सातला कॅनडाच्या पार पश्चिम टोकाहून मुलाचा फोन यायचा. हो, बरं, जेवेन आता, झोप तू. झालं. मग सर फोन मांडीवर ठेवून तसेच बसायचे.

एका रविवारी हिराबाई ओटीवर मला बोंबील साफ करून देत होती. तिचे चार बोंबील व्हायच्या आत फोन संपला. ती म्हणाली, "सर, येवराच?"

"तिकडे पहाट असते. झोपेतून उठून करतो बिचारा."

"मंग येल बदला ना. सातची येल ठरवली कुनी?"

सरांचाच प्रश्न. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"त्याच्या आईनं," सर म्हणाले. "देवापुढे दिवा लावला की ती मोकळी व्हायची. त्याची तेव्हा पहाटेची नोकरी होती, निघता निघता बोलायचा. आता ती नोकरी नाही. तीही नाही." मांडीवरचा फोन सरळ करत म्हणाले, "तिनं ठरवलेलं एवढं एकच चालू आहे, हिराबाई."

"राव द्या मंग," एवढंच म्हणून हिराबाई पुन्हा बोंबलांकडे वळली. माझ्या डोळ्यांपुढे तो दूरदेशीचा मुलगा आला. त्यालाही वेळ बदलता आली असती. तोही गजर लावून उठत होता, तो बहुधा ह्याच कारणानं.

आता रविवारी सातला मी मिक्सर लावत नाही. पाहुण्यांची गाणी असली तर बंद करायला सांगते. तुळशीपुढचा दिवा मी आठवला तर लावायचे, तो रविवारी सातच्या आत लागतो, ओटीवरून दिसेल असा. सर त्याच्याकडे बघत फोनची वाट पाहतात.

हे ठरवलं कुणी, ते मात्र त्यांनी अजून विचारलेलं नाही.