सरासरी अकरा मिनिटं

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचकाला मजकूर खाली सरकवावा लागू नये, असा ठराव एकमताने संमत झाला. संचालकांच्या दालनात नुकताच भिंतभर पडदा बसला होता आणि त्यावर सगळं एका नजरेत मावावं, एवढीच त्यांची साधी अपेक्षा होती. सहाही विभागांना आपला मजकूर पहिल्याच पानावर हवा होता. पान तेवढंच राहिलं, अक्षरं बारीक झाली. दालनात ती हरभऱ्याएवढी दिसत. सूचीकार बाईंच्या टेबलावरच्या पंधरा इंची पडद्यावर तीच मोहरीएवढी, आणि फोनवर खसखस.

बाईंनी रीतसर प्रयोग केला. रोजचे वीस वाचक, हातभर अंतर, एकच परिच्छेद. चौदा जणांना पहिली ओळ पार करता आली नाही. दोघांनी पडदा पुसून पाहिला. बाई अहवाल घेऊन दालनात गेल्या.

"तुमचे वीस," संचालक म्हणाले, "माझ्याकडे नऊ हजारांचे आकडे आहेत. पूर्वी माणूस पानावर चाळीस सेकंद थांबायचा. आता सरासरी अकरा मिनिटं. लोक वाचायला लागलेत बाई, आणि तुम्ही चष्म्याचे नंबर मोजताय."

"साहेब, वाचता येत नाही म्हणून थांबतात."

"का थांबतात, हा रकाना आपल्याकडे नाही."

संकेतस्थळ बांधणारा तरुण शेजारीच बसला होता. "अक्षर मोठं करायची सोय दिलीय मॅडम. पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात."

बाईंनी परत जाऊन पडद्याला नाक लावलं. सोय होती. तीही खसखशीएवढ्या अक्षरांत.

पुढे वरिष्ठ कार्यालयाने अकरा मिनिटांची दखल घेतली आणि तो आकडा सर्व ग्रंथालयांना बंधनकारक केला. ज्यांची आठच भरली, त्यांना अक्षर आणखी बारीक करण्याचा तोंडी सल्ला मिळाला. मग सूचना निघाली: प्रत्येक सदस्याने महिनाअखेरपर्यंत संकेतस्थळावरचं निवेदन वाचून त्याखालच्या चौकोनात खूण करावी, अन्यथा कार्ड रद्द.

बाईंच्या वडिलांना तीन दिवसांत एक पुस्तक लागे. पुस्तक नसलं की ते घरातले चालू पंखे दुरुस्त करायला काढत. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते. ते भिंग घेऊन निवेदनासमोर बसले.

"सहा पॉइंटाच्याही खाली आहे गं. इतक्या बारीक अक्षरात आम्ही एकच गोष्ट छापायचो."

"कोणती, बाबा?"

"गिऱ्हाइकाला जी कुणी वाचायला नको असायची, ती."

तीन संध्याकाळी ते दोन-दोन तास बसले आणि सरासरीत आपल्या परीने भर घालून उठले. शेवटच्या दिवशी मुदत संपायला दहा मिनिटं उरली, तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तू कर बाई खूण. त्या कादंबरीचा दुसरा भाग आणायचाय मला."

बाईंनी केली.

"वाचलंस का वरचं?"

"वाचत बसले तर कार्ड जाईल."

दुसऱ्या दिवशी संचालकांनी सगळ्यांना दालनात बोलावलं. भिंतीवर निवेदन झळकत होतं, हरभऱ्याएवढ्या अक्षरांत. बाईंनी ते प्रथमच वाचलं. 'हा मजकूर मी कोणत्याही साधनाशिवाय सहज वाचला असून अक्षराच्या आकाराबाबत माझी तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.' खाली बेरीज होती: सदस्य नऊ हजार, खुणा नऊ हजार.

"तुमच्या वडिलांचीही आलीय," संचालक मायेने म्हणाले. "या वयात नजर छान आहे हो त्यांची."

बाईंनी वीस जणांचा अहवाल घडी घालून पिशवीत टाकला. संध्याकाळी जाताना कादंबरीचा दुसरा भाग घेतला, वडिलांच्या कार्डावर.

तुम्ही मात्र बाईंना नावं ठेवू नका. 'वाचले, समजले, मान्य आहे' अशा एखाद्या चौकोनात या आठवड्यात तुम्हीही खूण केली आहे. वर काय लिहिलं होतं, तेवढं सांगा.